हललेली रेघ

आमच्याकडे हल्ली लोक थरथर मागायला येतात. कुणाची चहाची जाहिरात असते, कुणाला लहान मुलांसाठी गोष्टी करून हव्या असतात, पण मागणं एकच. करा कंप्युटरवरच, फक्त हाताने काढल्यासारखं दिसू दे. रेघ जरा हलती राहू द्या, रंग कडेच्या बाहेर थोडा सांडू द्या, जुन्या दिवसांसारखं काहीतरी. मागणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते जुने दिवस पाहिलेलेही नसतात. मी मान डोलावते. आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत त्याची सोय आहे. पडद्यावरची एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली की गुळगुळीत रेघेला हळूहळू जाग येते, ती जागच्या जागी कापायला लागते, आणि नुसतं बसलेलं चित्रही श्वास घेतल्यासारखं दिसतं. अशा पट्ट्या इतरांकडेही आहेत, पण आमची थरथर खरी वाटते असं लोक म्हणतात. नवी मुलं विचारतात, "मॅम, ही कुठून आणली?" "केली होती मागे कधीतरी," म्हणून मी विषय बदलते. कितीतरी वर्षं बदलतेच आहे. ती कुठून आणली हे आता एकदा लिहून टाकायचं आहे, आणि त्यासाठी मला सिडकोतल्या आमच्या घरात जावं लागेल.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे न्हाणी आणि पुढे ओटा. ओट्यावर तुळस, नानांची सायकल आणि वणीकडच्या काकांनी पाठवलेली कांद्याची एखादी गोणी. माणसं तीनच. नाना, आई आणि मी. वडिलांना सगळी गल्ली नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणत आले. मला सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याने, आणि त्याच्यामागोमाग कपबशीच्या आवाजाने. नाना चहा बशीत ओतून प्यायचे, एक लांब भुरका, मग कप बशीवर ठेवल्याचा 'टक्', मग कंपनीच्या बसची वेळ. नाना अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांची मापात बसणारी चित्रं काढायचे. पेन्सिलीला टोक काढायला त्यांना माझ्या वेण्या घालायला आईला लागायचा तेवढा वेळ लागे. रविवारी सकाळी ते मला ओट्यावर बसवून रेघा ओढायला लावायचे, पट्टीशिवाय. "श्वास सोडत ओढ," म्हणायचे. "घेताना ओढलीस तर रेघ पोटात फुगते." मी दहा रेघा ओढायचे. ते त्यातल्या एकीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "ही राहू दे. बाकीच्या शेजाऱ्यांना वाटून टाक."

मी आठवी-नववीत असेन तेव्हा तो कपबशीचा आवाज बदलला. 'टक्' व्हायचं त्याच्याऐवजी एक बारीक, सलग किणकिण ऐकू यायला लागली, नाना कप बशीवरून उचलेपर्यंत न थांबणारी. महिन्याभरात आईने बश्या वरच्या फळीवर टाकल्या. "फार फुटतात बाई. त्यापेक्षा पेले बरे," ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून स्टीलचे तीन पेले आले, आणि तिन्ही अर्धेच भरलेले. नानांचा अर्धा, तसा तिचाही अर्धा आणि माझाही. हवा तर पुन्हा घ्यायचा. मग कधीतरी भाकरी तोडताना नानांचा हात ताटाच्या कडेवर वाजायला लागला, तेव्हा आई तिन्ही ताटांत भाकरी आधीच कुस्करून, वर शेंगदाण्याची आमटी ओतून वाढायला लागली. "अशीच छान लागते," असं आम्ही तिघंही म्हणायचो, आणि खरोखरच ती तशी छान लागायची. नाडीचे बूट गेले तर ते घरातून सगळ्यांचेच गेले. आमच्या घराची ती रीतच होऊन बसली. नानांना जे जमेनासं होई ते आम्ही तिघंही सोडून द्यायचो, म्हणजे ते त्यांचं एकट्याचं राहायचं नाही. याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. आज मला वाटतं, इतकं नाजूक काम मी पुढे कुठल्या स्टुडिओत पाहिलेलं नाही.

त्याच सुमाराला कंपनीत कंप्युटर आले. तिशीच्या आतली पोरं माउस धरून बसली आणि नाना रेकॉर्ड रूममध्ये गेले, जुन्या चित्रांच्या गुंडाळ्या सांभाळायला. "मीच मागून घेतलं. तिथे शांत असतं," ते म्हणाले. "बरं झालं. उभं राहून पाय दुखायचे तुमचे," आई म्हणाली. ड्राफ्ट्समनला बोर्डापुढे उभ्याने काढावं लागतं हे खरं, पण नानांचे पाय कधी दुखले नव्हते.

नानांच्याच ऑफिसातले पगार आडनावाचे काका मात्र कंप्युटर आल्यावर नोकरी सोडून मोकळे झाले आणि त्यांनी आमच्या भागात केबलचा धंदा टाकला. ते मूळचे नामपूरचे. रंगात आले की त्यांची अहिराणी वर यायची. रविवारी दुपारी वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन ते आमच्या ओट्यावर टेकायचे. एकदा म्हणाले, "नानाभाऊ, माझ्या केबलला एक चित्र काढून दे. हालतं. रविवारच्या पिक्चरच्या आधी लावू."

"हालतं म्हणजे?"

"हालतं म्हणजे हालतं. तुझ्या त्या गियरांसारखं मेलेलं नको."

"माझे गियर फिरायचे रे."

"कागदावर?"

"कंपनीत."

आई आत भांडी घासता घासता हसली. मला वाटलं विषय तिथे संपला. पण पुढच्या आठवड्यात नानांनी जुन्या फळ्यांचं एक खोकं ठोकलं, आत ट्यूबलाइट, वर काच. काचेच्या वरच्या कडेला दोन खिळे. कंपनीत रद्दीत निघालेला ट्रेसिंग पेपर एका मापाचा कापायचा, प्रत्येकाला पंचने दोन भोकं पाडायची आणि खिळ्यांत अडकवायचा, म्हणजे खालचं चित्र बघून वरचं काढता येतं. हे सगळं कुणी शिकवलं त्यांना, मला माहीत नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "यंत्राचा भागही असाच सरकतो. तू फक्त मधली चित्रं काढत जायचं."

गोष्ट साधी होती. द्राक्षबागेत एक शेतकरी गोफण घेऊन बुलबुल हाकलतोय. बुलबुल मणी टोचतो, दगड येतो, बुलबुल उडतो, फिरून त्याच्याच पागोट्यावर बसतो. शेवटी तो उडून केबलच्या वायरीवर बसतो आणि खिडकीतून आतला टीव्ही बघत राहतो. अर्ध्या मिनिटाला साडेतीनशेच्या वर चित्रं. नाना कंपनीतून आले की आईने दिलेला अर्धा पेला संपवायचे आणि खोक्याचा दिवा लावायचे. त्या उजेडात त्यांचा चेहरा खालून उजळायचा. डाव्या हाताने उजव्या मनगटाला धरून, श्वास सोडत, ते एकेक रेघ ओढायचे, आणि रेघ तरीही हलायची. दहा-वीस कागद झाले की ते गठ्ठा हातात धरून अंगठ्याने सोडायचे, फर्रर्र, आणि बुलबुल उडायचा. तो आवाज आमच्या घराचा नवा आवाज झाला. आई कणीक मळता मळता म्हणायची, "उडाला का?" आणि नाना म्हणायचे, "उडाला. उतरायचाय."

गंमत अशी होती की बुलबुल बसलेला असतानाही जिवंत वाटायचा. तेच बसलेलं पाखरू नानांनी चार वेळा काढलेलं, चारही वेळा रेघ जराजरा वेगळी हललेली, आणि गठ्ठा सोडला की ते पिसं फुलवून श्वास घेतंय असं दिसे. पगार काकांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी विडी खाली ठेवली. "भो, हाई पाखरू ते जित्तं शे," ते हळूच म्हणाले. त्या दिवशी नाना खुशीत होते. काका गेल्यावर मला जवळ बसवून त्यांनी परत एकदा गठ्ठा सोडला आणि म्हणाले, "कंपनीत रेघ हलली की चित्र बाद. इथे नाही हलली तर पाखरू मेलं." आपल्या हाताबद्दल ते आयुष्यात याच्याहून जास्त कधी बोलले नाहीत. मला तेव्हा एकोणिसावं लागलेलं होतं. कळण्याएवढी मी होते.

बारावीनंतर मी कॉलेज रोडवरच्या एका ॲनिमेशनच्या क्लासला जात होते. नानांनीच घातलं होतं. चित्रं पुरी झाली तेव्हा ठरलं, ती मी क्लासच्या स्कॅनरवर घ्यायची, रंग भरायचे आणि पगार काकांना सीडी करून द्यायची. नानांनी गठ्ठा आईच्या जुन्या पातळात बांधला, गाठ मात्र आईनेच मारली. "रंग तुझा," नाना म्हणाले. "रेघ आहे तशी राहू दे."

क्लासमध्ये पहिली पन्नासेक चित्रं पडद्यावर आली तेव्हा आजूबाजूची पोरं जमली. घरातल्या पिवळट उजेडात जी रेघ जिवंत वाटायची ती त्या पांढऱ्या पडद्यावर, चौपट मोठी, नुसती आजारी दिसत होती. प्रत्येक वळणाला काटे. विशाखा म्हणून माझी मैत्रीण होती, जिभेला हाड नसलेली पण मनाची बरी. ती म्हणाली, "हे काय गं, पेठच्या गाडीत बसून काढलंय का कुणी? घाटात?" सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "लाइन क्लीन करून घे, बाकी ॲक्शन मस्त आहे. कुणाचं काम?"

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या भावाचं. चौथीत आहे."

मला भाऊ नाही. कधीच नव्हता. ते वाक्य इतक्या सहज कसं आलं हे मी पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. त्याला काही विचार करावा लागला नव्हता. तोंडात तयारच होतं.

मग मी रेघ साफ केली. एकेक चित्र खाली ठेवून त्याच्यावर माउसने नवी रेघ ओढायची, वाकडी वाटली तर पुसायची, कंप्युटर स्वतःच ती गोल करून देतो. श्वास सोडायची गरज नाही. पुरे तीन महिने लागले. घरी मी म्हणायचे, रंग भरणं चाललंय, आणि नाना म्हणायचे, "सावकाश कर." माणसं वाटेल तेवढी फसवता येतात, पण आपल्याकडून कौतुकाची वाट बघणाऱ्या बापाला फसवणं सगळ्यांत सोपं असतं. नानांचं काम लोकांसमोर चांगलं दिसावं म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मला लाज वाटली होती. हसणं ऐकलं आणि लाज वाटली, इतकंच.

रविवारी दुपारी चार वाजता पगार काका ते लावणार होते. आईने पोहे केले, गल्लीतली पोरं पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत, उजवा हात मांडीखाली दाबून. ती त्यांची नेहमीची बसायची पद्धत झाली होती. काका केबल ऑफिसातल्या पोराला सांगून स्वतः आमच्याकडेच बघायला आले. आणि ऐन वेळी विशाखा स्कूटी घेऊन हजर झाली, मी बोलावलं नव्हतं. "सरांनी सांगितलं, तुझं आज टीव्हीवर आहे म्हणून," ती चपला काढता काढता म्हणाली. 

चित्र सुरू झालं. हिरवी बाग, निळं आभाळ, गोफण. पोरं खिदळली. पाखरू पागोट्यावर बसलं तेव्हा टाळ्या पडल्या. मी नानांकडे बघत होते. ते पहिल्यांदा मागे टेकून बसले होते, मग हळूहळू पुढे झाले, चष्मा सारखा केला. शेवटी बुलबुल वायरीवर येऊन बसला आणि चार सेकंद तसाच राहिला. नानांनी तिथे आळीपाळीने दिसणारी चार चित्रं काढली होती. चारही साफ झाल्यावर ती अगदी एकसारखी झाली होती. पाखरू एखाद्या छापलेल्या लेबलासारखं वायरीला चिकटलेलं होतं. संपलं.

"झ्याक," पगार काका म्हणाले. "रंग एक नंबर. पण नानाभाऊ, ते पाखरू..." आणि नानांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "छान झालंय. फार स्वच्छ झालंय."

तेवढ्यात विशाखा आईला म्हणाली, "काकू, शुभाचा भाऊ कुठाय? त्यानेच काढलंय ना हे? मी त्याच्यासाठी चॉकलेट आणलंय."

 पोरं अजून पोह्यांवर होती. आईच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर थांबला. मी जमिनीकडे बघत होते, आणि आता काय होणार ते मला दिसत होतं. प्रत्यक्षात झालं ते मात्र मला दिसलं नव्हतं.

नाना म्हणाले, "तो मामाकडे गेलाय. पिंपळगावला."

"सुट्टी आहे ना," आई म्हणाली आणि विशाखाच्या ताटलीत आणखी एक डाव पोहे वाढले.

पगार काका एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी लहान असताना त्यांनीच मला खांद्यावर बसवून काळारामाच्या रथाला नेलेलं. "मीच बसवून दिला त्याला सकाळी गाडीत," ते म्हणाले. "लय आगाऊ पोरगं."

"चौथीत असून इतकं काढतो?" विशाखाने मनापासून विचारलं. "लाइन तेवढी हलते त्याची."

"हो, हलते," नाना म्हणाले. "हात चांगला आहे त्याचा. वयाने बसेल."

विशाखा चॉकलेट टीव्हीवर ठेवून गेली, भाऊ आला की द्यायला. ते कितीतरी दिवस तिथेच होतं. कुणी उचललं नाही.

सगळे गेल्यावर आई ओट्यावर भांडी घेऊन गेली. नानांनी मांडीखालचा हात काढून समोर गुडघ्यावर ठेवला, आणि पहिल्यांदाच तो दाबून न धरता तसाच राहू दिला. तो हलत होता. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून दिसत होतं?"

रेघ का बदललीस, असं त्यांनी विचारलं नाही. भाऊ कुठून आणलास हेही नाही. त्यांनी फक्त हे विचारलं, कारण जे पुसलं जातं ते आधी कुणीतरी पाहिलेलं असतं, आणि इतकी वर्षं आम्हाला दिसत नाही या भरवशावर ते त्या घरात अर्धा पेला चहा पीत होते. मी खरं सांगू शकले असते. आठवीपासून, नाना. बश्या गेल्या तेव्हापासून. मी म्हटलं, "काय दिसत होतं?"

"बरं," ते म्हणाले. खोक्याचा दिवा त्यांनी त्या दिवसानंतर लावला नाही. आईने पुढे त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

नाना त्यानंतर नऊ वर्षं होते. डॉक्टर, गोळ्या, कंपवात हा शब्द, सगळं रीतीने झालं. ते गेल्यावर वर्षभराने, मी दुसऱ्या शहरात नोकरीला असताना, एका कामासाठी हाताची वाटेल अशी रेघ हवी होती आणि कुणालाच ती जमत नव्हती. माझ्याकडे क्लासमध्ये करून ठेवलेली एक जुनी सीडी होती. स्कॅन केलेली सगळी चित्रं, न पुसलेली. मी ती एकावर एक ठेवली आणि कुठल्या वळणावर रेघ किती हलते, किती वेळाने हलते, हे एका मुलाकडून मशीनला शिकवून घेतलं. लोकांना ती फार आवडली. कुणीतरी म्हणालं, किती ऊब आहे हिच्यात. क्लासमध्ये मी ती लपवली होती, आता मी ती विकत होते, आणि दोन्ही वेळा ती कुणाची ते सांगितलं नाही. ती नानांची आहे. दामोदर नावाच्या एका ड्राफ्ट्समनची, ज्याला आपली रेघ हललेली आवडत नव्हती, आणि बुलबुल काढला तेवढे दिवस आवडली होती.

पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारनंतरच्या सकाळचं. मी उठले तेव्हा भाकरी थापण्याचा आवाज नव्हता. आई स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बश्या काढत होती. एकेक धुतली, पुसली. तीन कप मांडले, तीन बश्या, आणि चहा काठोकाठ भरला. भाकऱ्याही नंतर अख्ख्या वाढल्या. ती माझ्यावर रागावली होती का, की आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिने ते केलं, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. आम्ही तिघं नेहमीसारखे आतल्या खोलीतल्या पाटांवर बसलो. नानांनी बशी उचलली. थोडा चहा लेंग्यावर सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

"चहा छान झालाय," ते म्हणाले.

आईने आपली बशी उचलली. तिच्या हातातली बशी गप्प होती. माझीही गप्प होती. त्या सकाळी घरात एकच बशी वाजत होती.